बस बघायला आलेली माणसं

आमच्याकडे मुलगी द्यायच्या आधी बस बघतात. पत्रिका नंतर, घर त्याच्यानंतर, आणि शेत तर सगळ्यात शेवटी, तेही जेवणं झाल्यावर पाय मोकळे करायचे म्हणून. मुलीकडची दोन-तीन माणसं दुपारची फाट्यावर येऊन बसतात, चहा घेतात, आणि तळेगावकडून कंपनीची बस आली की तिच्यातून कोण कोण उतरतं ते डोळे बारीक करून बघतात. सांगितलेला मुलगा उतरला तर पुढचं बोलणं होतं. नाही उतरला, तर माणसं चहाचे पैसे देऊन आल्या वाटेने परत जातात आणि मध्यस्थाचा फोन उचलत नाहीत.

हे मी ऐकीव सांगत नाही. ती माणसं ज्या बाकड्यावर बसतात ते बाकडं माझं आहे.

जुन्या हायवेला, कामशेत आणि कार्ल्याच्या मधे, आमच्या गावाचा रस्ता आत वळतो तिथे माझं हॉटेल आहे. हॉटेल म्हणायचं म्हणून. वर पत्रे, पुढे ताडपत्री, एक गॅसची शेगडी, भज्यांची कढई, क्रीमरोलची बरणी आणि दोन बाकडी. मी बारावी झालेली आहे. लोणावळ्याला जाणारे पाहुणे थांबतात, मला पेपर वाचताना बघतात, आणि कुणीतरी एक बाई हमखास म्हणते, "अय्या, तुम्ही वाचता?" अशांना मी चहात साखर जरा कमी घालते.

आमच्या एका हाताला तळेगाव आणि दुसऱ्या हाताला लोणावळा. तळेगावला कंपन्या आल्या, सोसायट्या उठल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा वराळ्याच्या ज्या खाचरांतून लावणी चालायची, तिथे आता गॅलऱ्यांमधून कपडे वाळत असतात. लोणावळ्याला बंगले आले. बंगल्यांचे दिवे शनिवार-रविवारी लागतात, पण लागतात. आम्ही मधे. आम्हाला भात आहे, डोंगर आहे, आणि दोन्हीकडे जाणारा रस्ता आहे. पोरगं मोठं झालं की एवढंच ठरवायचं असतं, की डाव्या हाताला जाऊन मशीन चालवणार का उजव्या हाताला जाऊन दुसऱ्याच्या बंगल्याची कुत्री फिरवणार.

कंपनीसाठी जमिनी घ्यायचं निघालं तेव्हा पहिल्यांदा आमच्या बाजूचंही नाव होतं. मोजणीवाले येऊन खुणाही करून गेले. गावात कुणाच्या घशाखाली घास उतरेना. मग कळलं की आपली बाजू सुटली, जागा पलीकडे वराळ्याच्या अंगाला घ्यायचं ठरलं. त्या दिवशी अख्ख्या गावाने ग्रामदैवताला नारळ फोडले. आमच्या ह्यांनी तर तोरणच वाहिलं. पुढे तिकडे ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या घरटी एकाला कंपनीत परमनंट नोकरी मिळाली आणि आम्हाला आमची जमीन राहिली. जमीन सुटली म्हणून देवाचे आभार मानणारं आणि नंतर वीस वर्षं त्यावर हळहळणारं आमच्यासारखं गाव दुसरं नसेल. आता तो विषय निघाला की आमचे हे उठून म्हशीकडे जातात.

कंपन्या पुष्कळ आहेत, पण 'कंपनी' म्हटलं की ती एकच. तिने आमचं गावही दत्तक घेतलं. शाळेच्या भिंती रंगवल्या, पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं, फाट्यावर बसथांबा बांधून त्यावर आपल्या रंगाचा पट्टा ओढला. यंत्र बिघडलं त्याला बरेच दिवस झाले, भिंती अजून छान आहेत. दत्तक घेतलेल्या पोराला घरात घेतात अशी माझी समजूत होती. इथे पोराला नवीन सदरा घालून दारातच उभं केलंय.

घरात म्हणजे परमनंट. आमच्या पोरांना कंपनीने कधी नाही म्हटलं नाही, घेतलं, पण ठेकेदारामार्फत. गेट तेच, मशीन तेच, कँटीनचा भातही तोच. फक्त गळ्यातल्या आयकार्डाचा पट्टा परमनंटचा निळा आणि ठेक्यावरच्याचा पिवळा. पिवळ्या पट्टेवाल्याला काही महिने झाले की ब्रेक देतात. ब्रेक म्हणजे घरी बसायचं आणि फोनकडे बघायचं. मग एक दिवस दुसऱ्याच ठेकेदाराच्या नावाचं नवीन कार्ड येतं आणि माणूस पुन्हा नव्याने त्याच मशीनवर उभा राहतो. किंवा नाही येत.

पूर्वी बसमधे फक्त निळे पट्टे बसायचे, पिवळेवाले आपापल्या गाडीवर जायचे. बस बघायची पद्धत पडली ती तेव्हा. बसमधून उतरला म्हणजे परमनंट, इतकं ते सोपं होतं. पुढे कामशेतच्या घाटातल्या पावसात गाड्यांचे अपघात व्हायला लागले, बसमधल्या सीटाही रिकाम्या पडायला लागल्या, कारण परमनंट रिटायर होत होते आणि नवीन कुणी होत नव्हतं. मग कंपनीने पिवळ्यांनाही मागच्या बाजूला बसायची परवानगी दिली. पोरं हुशार. उतरायच्या आधी पट्टा काढून खिशात घालायला लागली. तरी माणसं बस बघायला येतच राहिली. पद्धत एकदा पडली की तिच्यातला अर्थ निघून गेला तरी ती सुटत नाही.

एकदा तर कमाल झाली. कंपनीची सुट्टी गुरुवारी असते. लोणावळ्याकडच्या लोकांचं काम शनिवार-रविवारी, त्यामुळे त्यांना मधल्या वारी सवड. तिकडची माणसं नेमकी गुरुवारी बस बघायला आली. मी माहेरी गेले होते, हॉटेलवर जाऊबाई होत्या. त्यांना वाटलं पाहुणे भजी खायला आलेत. पाहुण्यांनी वाट बघत बघत घाणा संपवला, बस काही आली नाही, आणि पोरगा कंपनीत नाहीच अशी खात्री करून ते निघून गेले. तो पोरगा निळ्या पट्ट्याचा होता. जमलेलं लग्न सुट्टीपायी मोडलं. आजही त्याची आई माझ्या जाऊबाईंशी बोलत नाही.

तेव्हापासून येणारी माणसं आधी मलाच विचारायला लागली. "मावशी, अमका पोरगा रोज उतरतो का? परमनंट हाय का?" मी जे असेल ते सांगायची. उतरतो म्हणजे उतरतो, दोन महिने दिसला नाही म्हणजे दिसला नाही. कुणाचं बरं व्हायचं, कुणाचं वाईट. पण फाट्यावरची मावशी खोटं बोलत नाही असं नाव झालं होतं आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. तालुक्यातल्या पुढाऱ्यांच्याही नसेल इतकं माझ्या शब्दाला वजन होतं, तेही कट चहाच्या किमतीत.

माझा मुलगा पिवळ्या पट्ट्याचा.

आयटीआय झाल्या झाल्या कंपनीत लागला आणि आता तिशीला टेकलाय. ब्रेक किती झाले ते मी मोजायचं सोडलं. मशीनवर त्याचा हात बसलेला आहे. कुठे आवाज बदलला की साहेब लोक त्यालाच हाक मारतात आणि पगार मात्र ठेकेदाराच्या नावाने होतो. स्वभावाने बापावर गेलाय, बोलणं बेताचं. मुली सांगून यायच्या आणि बस बघून झाली की पट्ट्याचा रंग कुठूनतरी कळायचाच. नकार आला की तो म्हणायचा, "जाऊ दे आई, भाताला भाव आलाय का बघ." जसं काही मी भाताच्या भावासाठीच झुरत होते.

यंदा मात्र नवीनच ऐकू यायला लागलं. कंपनीतली एक लाईन दुसऱ्या राज्यात हलवणार असं बसमधली पोरं बोलायला लागली होती. तिकडच्या सरकारने जमीन दिली, पाणी दिलं, वीज स्वस्त दिली. तिकडची पोरं शिकायलाही आली होती, आणि त्यांना शिकवायला ठेवला होता माझा मुलगा. मी एकदा चिडून म्हटलं, "आपलीच कुऱ्हाड आपल्याच पायावर मारतोस तू." तर म्हणाला, "त्यांची लय गरिबी हाय गं आई. त्यांच्या गावाला फाटा पन न्हाई." मी कांदा चिरायला घेतला. कांदा चिरताना रडलेलं कुणी मनावर घेत नाही.

तेव्हापासून मी बसच्या वेळेला कान लावून असायची. बस उशिरा आली की वाटायचं अपघात झाला. वेळेच्या आधी आली की जास्त भीती वाटायची, कारण आधी येणं म्हणजे मशीनला काम नाही. आधी आलेल्या बसमधून पोरं उतरायची तीही गप्पच उतरायची, वडापावसुद्धा मागायची नाहीत.

अशात हे स्थळ आलं. मुलगी लोणावळ्याच्या अलीकडची, नर्सिंग केलेली, तळेगावला दवाखान्यात नोकरीला. बाप एका बंगल्यावर माळीकाम करायचा आणि तिथेच मागच्या खोलीत सगळं घर राहायचं. मध्यस्थ नात्याने माझे भाऊजी लागतात. त्यांनी मोबाईलवर फोटो पाठवला. मुलाने तो बघितला आणि भाताच्या भावाचं काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी कामशेतला जाऊन केस कापून आला. माझ्या लक्षात आलं, पण मी ते त्याला दिसू दिलं नाही. आशेला नजर लागते असं माझी आई म्हणायची.

मंगळवारी भाऊजी आले, चहा घेतला, दुसरा घेतला. मग इकडे-तिकडे बघत म्हणाले, "वैनी, उद्या त्यो पोरीचा बाप आन आत्या येनार हायेत बस बघाया. उद्याच्याला तुमी हितं बसू नगा."

"का बरं?"

"मी सांगितलंय का आई घरीच आसते. घरची शेती हाय, म्हैस हाय. हाटेलाचं काय बोललो न्हाई."

"आणि पट्ट्याचं?"

भाऊजी बशीत बघत राहिले. "कंपनीत हाय म्हनलंय. ते काय खोटं हाय का?"

मी त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. ज्या हॉटेलच्या पैशावर पोराचं आयटीआय झालं ते लपवायचं, पट्टा लपवायचा, म्हणजे मुलगी नक्की द्यायची कुणाला? पण बोलून झाल्यावर भीती तशीच राहिली. भाऊजी वाईट माणूस नाहीत. त्यांना इतकंच कळत होतं की खरं सांगून इतकी स्थळं गेली, आता एकदा, खोटं नव्हे, पण अर्धं सांगून बघू. रात्री मुलगा जेवायला बसला तेव्हा मी त्याला म्हटलं, उद्या ते येणार आहेत. तो म्हणाला, "म्हायती हाय." आणि थोड्या वेळाने, "आई, युनिफार्मला इस्त्री करशील?" रोज तेलकट होणाऱ्या युनिफॉर्मला त्याने पहिल्यांदाच इस्त्री मागितली होती. मी कडक कॉलर करून दिली.

बुधवारी हॉटेलवर बसायला कुणी मिळालं नाही. जाऊबाईंच्या हाती द्यायची हिंमत होईना. बंद ठेवावं तर फाट्यावर बातमी व्हायची की मावशीच्या घरी काहीतरी झालं. खरी गोष्ट ही की मला त्या माणसांना बघायचं होतं. मी ठरवलं, गप्प राहायचं. चहा द्यायचा, बस येईल, ते बघतील, मुलगा उतरेल आणि मागच्या वाटेने घरी जाईल. त्यालाही तसं सांगून ठेवलं, की मला हाक मारू नको, ओळख दाखवू नको, फक्त थांब्याजवळ जरा उभा राहा म्हणजे नीट दिसशील.

ती दोघं जीपमधून उतरली तेव्हा बस यायला बराच अवकाश होता. बाप माझ्याच वयाचा, उन्हाने रापलेला, नखांत माती. अंगावरचा शर्ट उंची होता पण मापाचा नव्हता, बंगलेवाल्याने दिलेला असणार. आत्या जाडजूड, तोंडाची खंबीर, बाकडं हाताने पुसून बसली. कुणी मागितली नव्हती तरी मी भजी टाकली. लक्ष सगळं बाकड्याकडे होतं म्हणून पीठ जास्त पडलं आणि भजी वड्यांएवढी झाली.

"मोठी भजी करता ओ तुमी," आत्या म्हणाली.

"गिऱ्हाईक जपायला लागतं," मी म्हटलं.

चहा झाला. हायवेवरून ट्रक जात होते. बाप मधूनमधून तळेगावच्या बाजूला बघत होता. मग ज्या क्षणाला मी सकाळपासून भीत होते तो आला. त्याने माझ्या मुलाचं नाव घेतलं, आडनाव घेतलं आणि विचारलं, "मावशी, ह्यो पोरगा बसनं उतरतो का हितं?"

"व्हय, उतरतो."

"रोज?"

"रोज. नायतर घरी कसा यील?" मी उगाच हसले.

"सोभावानं कसा हाय?"

इथे मला कुणी थांबवायला हवं होतं. मी बोलतच सुटले. तंबाखू नाही, दारू नाही, उलट उत्तर नाही, बापाला लावणीत मदत करतो, मशीनवर सगळे त्यालाच बोलावतात. आत्या भजं हातात धरून माझ्याकडे बघत होती.

"तुमाला लय म्हायती दिसतीया त्येची."

"फाट्यावर सगळ्यांचीच असती, बाई."

"मंग येवडं सांगा," बाप म्हणाला, "परमनंट हाय का? आमाला त्या पट्ट्याबिट्ट्याचं काय समजत न्हाई. लोकं म्हंत्यात मावशीला इचारा, ती खरं सांगती."

मी शेगडी बारीक केली, मोठी केली, परत बारीक केली. शेवटी म्हटलं, "आज ना उद्या हुईल."

"म्हंजी आज न्हाई."

त्याने मान हलवली. रागावला वगैरे नाही, हिशोब मनातल्या मनात जुळवून बघावा तसा बसून राहिला. मग तो हळूहळू बोलायला लागला, आणि मला वाटतं तो माझ्याशी नव्हे, स्वतःशीच बोलत होता. म्हणाला, आम्ही त्या बंगल्याच्या मागच्या खोलीत आयुष्य काढलं. मालक चांगला माणूस. पण मालक जेव्हा जेव्हा बंगला विकायचं बोलतो, तेव्हा तेव्हा माझी बायको भांडी बांधायला काढते. कितीदा बांधली आणि कितीदा सोडली. पोरगी ते बघत बघत मोठी झाली. शिकली ती एवढ्यासाठीच, की भांडी एकदा मांडली की मांडली.

"घर लहान आसू दे," तो म्हणाला. "पन हलतं नको."

मग त्याने सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं. "मावशी, एक इचारतो. तुमची सोताची लेक आसती, तर तुमी हितं दिली आसती का?"

मला मुलगी नाही. व्हावी म्हणून मी खूप केलं होतं. त्या एका क्षणात ती मुलगी माझ्यासमोर उभी राहिली, तळेगावच्या दवाखान्यातून दमून आलेली, नवऱ्याच्या ब्रेकमधे फोनकडे बघत बसलेली, बस आधी आली म्हणून दचकणारी. मी जे रोज भोगते ते तिच्या वाट्याला. आणि दुसऱ्या बाजूला कडक कॉलरचा माझा मुलगा, जो त्याच बसमधे बसून येत होता. कामशेत मागे पडलं असेल एवढ्यात.

"न्हाई," मी म्हटलं.

विचार करून म्हटलं असतं तर वेगळं काही म्हटलं असतं. पण माणूस खरं विचारतो तेव्हा विचार करायला वेळ मिळत नाही.

आत्याने भजं परत बशीत ठेवलं आणि पदराला हात पुसले. "चला भाऊ. आता बस बघून काय करायचं?"

मी बोलायला तोंड उघडलं. मी त्याची आई आहे, मी चुकीचं बोलले, पोरगा सोन्यासारखा आहे, त्याला बघून तरी जा, दहा मिनिटं थांबा. यातला एक शब्द बाहेर पडला नाही. मावशीने सांगितलेलं खरं मानून ती दोघं उठली होती. आता तीच मावशी आई निघाली तर तिचं कुठलं बोलणं खरं मानायचं?

बापाने पैसे काढले. मी नको म्हटलं, तो ऐकेना. नोट माझ्या हातात देऊन त्याने हात जोडले. "लय उपकार झाले, मावशी. दुसऱ्याच्या लेकीसाठी कोन बोलतं येवडं? देव तुमच्या लेकराचं भलं करील."

लोणावळ्याकडे जाणारी जीप आली. दोघं चढली. आत्याने वळून माझ्याकडे बघितलं, तिला काहीतरी कळलं असावं असं मला वाटलं, किंवा मला तसं वाटून घ्यायचं होतं. जीप गेली.

बस वेळेवर आली. ना आधी, ना उशिरा. पोरं उतरली, दोघातिघांनी वडापाव मागितले, मी कुणाला काय दिलं ते मला आठवत नाही. तो सगळ्यात शेवटी उतरला. दिवसभर मशीनवर उभा राहूनही त्याने कॉलर मोडू दिली नव्हती. केसांवरून पाणी फिरवलं होतं. मी सांगितलं होतं तसाच तो थांब्याजवळ उभा राहिला, हॉटेलकडे तोंड करून, हात कुठे ठेवावेत ते न कळून एकदा मागे, एकदा पुढे. बाकड्याकडे त्याने मुद्दाम बघितलं नाही. ओळख दाखवायची नाही म्हणून माझ्याकडेही बघितलं नाही. पोरं गावाकडे निघून गेली. बस लोणावळ्याकडे गेली. तो उभाच. एवढा मोठा बाप्या, शाळेत फोटो काढायला उभा केल्यासारखा, आणि समोर बाकड्यावर कुणी नाही. मला हाक मारवेना. मी कढईच्या आडून त्याला बघत राहिले आणि मला वाटलं, बघा रे कुणीतरी याच्याकडे.

शेवटी त्याने बाकड्याकडे बघितलं आणि रस्ता ओलांडून आला.

"आले न्हाईत व्हय?"

"आलते."

"मंग?"

"गेले."

"बस यायच्या आदीच?"

मी त्याला पाणी दिलं. खोटं सांगता आलं असतं. त्यांना घाई होती, त्यांना दुसरीकडे जायचं होतं, असं काहीही. पण आज सकाळपासून कुठल्याच माणसाशी मला धड खोटं बोलता आलं नव्हतं, आणि पोटच्या पोराशी सुरुवात करायची म्हणजे फारच झालं असतं. मी सगळं सांगितलं. बंगल्याच्या मागची खोली, बांधलेली भांडी, आणि त्या माणसाने मला काय विचारलं तेही.

तो तांब्या हातात धरून ऐकत होता. "मंग तू काय म्हनालीस?"

"न्हाई म्हनाले."

मी वाट बघत होते की आता तरी हा ओरडेल. तू माझी आई आहेस का फाट्यावरची मावशी, असं विचारेल. तांब्या आपटेल. त्याला तो हक्क होता, आणि ओरडला असता तर मला रडता तरी आलं असतं. पण त्याने उरलेलं पाणी पिऊन टाकलं, तांब्या फळीवर जागच्या जागी ठेवला आणि बाकड्यावर बसला, तो माणूस बसला होता तिथेच.

"बराबर हाय," तो म्हणाला. "मला भन आसती, तर मी पन नसती दिली."